उदासांच्या चार जागा

शाळेत परिपत्रक आलं, त्यात एकच वाक्य कामाचं होतं. शाळकरी मुलांमध्ये सरासरी दर दहांमागे एकाला नैराश्य किंवा मनाचा तत्सम आजार असू शकतो, तरी शाळांनी लक्ष द्यावं. मुख्याध्यापकांनी लगेच लक्ष दिलं. बाक, पंखे, खडू या सगळ्याचं त्यांनी आजवर वर्गवार वाटप केलं होतं. एका वर्गात चाळीस मुलं, म्हणजे दर वर्गास चार उदास. संध्याकाळपर्यंत त्यांनी जागा मंजूर करून टाकल्या.

"सर, सरासरी म्हणजे वाटप नव्हे," विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. त्या आठवीच्या वर्गशिक्षिका होत्या आणि आवाज न चढवता बोलत. "सरासरी कुटुंबात दीड मूल असतं, म्हणून आपण अर्ध्या मुलाला प्रवेश देत नाही."

"तुमचं शास्त्र बरोबर आहे हो बाई. पण वरून तपासणी आली आणि एखाद्या वर्गात दोनच निघाले, तर उरलेले दोन मी कुठून आणू?"

मंजुरीसोबत सवलती आल्या. उदास मुलाला गृहपाठ माफ, परीक्षेत अर्धा तास जास्त, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशक मॅडमची भेट. 'आमच्या पोराला काय धाड भरलीय?' असं कालपर्यंत विचारणारे पालक दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी रांग लावून उभे होते. "आमचा फार खचलाय हो," एक वडील अभिमानाने सांगत होते. रांगेत मागे उभ्या एका आईने नाक मुरडलं. "खचलाय? आमची तर लहानपणापासूनच खचलेली आहे!"

आठवीच्या चार जागा दुपारच्या सुट्टीआधी भरल्या. पहिली संस्थेच्या अध्यक्षांच्या नातवाला, दुसरी पालक संघाच्या प्रमुखांच्या मुलीला. तिसरी गेली वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाला, कारण त्याचे दोन गुण वेळेअभावी हुकत होते. चौथी एका अतिशय हसऱ्या पोराला मिळाली. त्याच्या मामाची वर ओळख होती. त्याला मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि तंबी दिली, "व्हरांड्यात दात काढताना दिसलास, तर जागा जाईल."

बाईंना काळजी होती ती तिसऱ्या बाकावरच्या मुलीची. वर्ग तिला 'पण-का' म्हणायचा. माशाला तहान लागते का, इथपासून सावलीला वजन का नसतं, इथपर्यंत तिने बाईंना सळो की पळो करून सोडलं होतं. पण बरेच दिवस तिने एकही प्रश्न विचारला नव्हता. डबा न उघडताच परत जायचा. सूक्ष्मदर्शकाशी पहिला नंबर लावणारी ही मुलगी परवा प्रयोगशाळेत मागे सरकून म्हणाली होती, "तुम्हीच बघा ना बाई."

"काय होतंय गं तुला?"

"काहीच होत नाही, बाई." तिने थोडा विचार केला. "म्हणजे, काहीच होत नाही असं वाटतं. तुम्ही बोलता ते काचेपलीकडून येतं."

बाई तडक मुख्याध्यापकांकडे गेल्या.

"जागा कुठाय?" ते म्हणाले. "वर्गात चार भरलेत. हिला घेतलं तर पाच होतील, म्हणजे सरासरीचा भंग. प्रतीक्षा यादीत घाला. यादीत तिचा नंबर नववा लागेल."

"तोवर तिने काय करायचं, सर?"

"तिला म्हणावं, थोडी कळ काढ."

समुपदेशक मॅडमच्या खोलीत अध्यक्षांचा नातू त्यांच्याच टेबलावर शिकवणीचा अभ्यास करत बसला होता. मॅडम हळूच म्हणाल्या, "हा ठणठणीत आहे हो. पण बरा झाला असं लिहिलं, की याची आजी येऊन उभी राहते. आणि मंजुरीबाहेरचं मूल माझ्यापुढे रडलं, तर ते रडणं मी कोणाच्या खात्यात दाखवू?"

मुलीची आई भेटायला आली, ती गुणपत्रिकेबद्दलच विचारत. मार्क कमी झालेले नाहीत म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "घरी तर इतकी शहाणी झालीय! उलट उत्तर नाही, हट्ट नाही. पूर्वी डोकं खायची नुसती." मग ती जवळ सरकली. "पण तुम्ही शब्द टाकून बघा की, बाई. अर्धा तास जास्त मिळतो म्हणे."

यादी काही हलेना. बरं झालं की सवलत जाणार, त्यामुळे बरं होणं कोणालाच परवडत नव्हतं. तेवढ्यात दुसरं परिपत्रक आलं. ज्या शाळेत उदास मुलं सर्वांत कमी, तिला 'प्रसन्न शाळा' ही ढाल. मुख्याध्यापकांनी एका दुपारी शाळेतल्या सगळ्या जागा रद्द केल्या. पालक खवळले, पण परीक्षेत सगळ्यांनाच अर्धा तास वाढवून दिल्यावर तेही निवळले. शाळा शून्यावर आली.

"आणि ती प्रतीक्षा यादीतली मुलगी?" बाईंनी विचारलं.

"जागाच नाहीत, तर प्रतीक्षा कसली? अभिनंदन करा तिचं! बरं, ढाल घ्यायला एक मूल लागेल. चुळबूळ न करणारं. तीच ना तुमची, शांत बसते ती?"

समारंभात 'पण-का' ढाल धरून उभी राहिली. पाहुण्यांनी तिचा गाल ओढला. फोटोवाला म्हणाला, "हास बेटा," आणि ती हसली. हल्ली सांगितलं की सगळं करायची. मागच्या रांगेतून बाई उठल्या, मंचावर चढल्या आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "मॅडम, बाजूला व्हा, फोटो खराब होतोय!" फोटोवाला ओरडला. बाई बाजूला झाल्या, पण मुलीला घेऊनच. तिच्या आईला पहिल्या रांगेतून उठवून त्यांनी दोघींना थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ मुलीचं ऐकून घेतलं. मग त्यांनी आईला एवढंच विचारलं, "इतके दिवस कुठे होतात?"

दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात नोटीस पडली. पूर्वपरवानगीशिवाय उदास मूल शोधून काढून शाळेच्या शून्यास बाधा आणल्याबद्दल खुलासा करावा.

तो फोटो आता शाळेच्या दर्शनी भिंतीवर आहे. कडेला खांद्यावरचा हात तेवढा राहिलाय, मनगटापर्यंत. बाईंचं बाकी सगळं कापून टाकलंय. प्रवेशाच्या दिवशी तुम्ही त्याच्यासमोर थांबला होतात, आठवतं? "अशी गुणी मुलं असतात बघ या शाळेत," असं तुम्ही शेजारी उभ्या तुमच्या पोराला म्हणालात. त्याने मान वर करून फोटो नीट बघितला आणि विचारलं, "पण ती रडतेय का?"

"गप्प बस," तुम्ही म्हणालात. "हसतेय ती."

तेव्हापासून त्यानेही काही विचारलेलं नाही. शहाणा झालाय.