दीड हात आखूड पूल

एका जंगलात, बाळांनो, एक ओढा होता आणि ओढ्यावर पूल नव्हता. सिंहमहाराजांच्या मनात आलं, पूल हवा. मग काय, हवाच!

पिसारेसाहेब नावाच्या मोराने पुलाचं देखणं चित्र काढलं. मुसंडीराव रानडुकराने कंत्राट घेतलं. आणि वेली विणायचं काम आलं सुगरणीकडे. ती काठावरच्या बाभळीवर राहायची. घरट्यात नुकतीच पिल्लं झाली होती.

त्या जंगलाची एक रीत होती. विणणारीने आधी आपला नकाशा काढायचा: कुठली वेल कुठे बांधणार, किती लांब. कंत्राटदाराने तो तपासून खूर उमटवायचा. मग साहेबाने तपासून पंजा.

सुगरणीने नकाशा काढला आणि खाली लिहिलं, 'साहेबांच्या चित्राप्रमाणे विणलं तर पूल पलीकडे पोचेल असं वाटत नाही. कृपया ओढा मोजावा.'

मुसंडीरावांनी खूर उमटवला.

"अहो, वाचा तरी!" सुगरण म्हणाली.

"साहेब कशाला आहेत मग? वाचतील की!"

साहेबांनी पंजा उमटवला आणि बारीक अक्षरात लिहिलं, 'फक्त शोभा पाहिली.'

"साहेब, माझी शंका..."

"मुसंडीरावांनी बघितलंय ना? झालं तर! विणायला घ्या."

दोन-दोन शिक्के बघून बिचारीला आपलीच शंका खुळी वाटायला लागली. तिने पूल विणला.

उद्घाटनाला सिंहमहाराज ऐटीत निघाले. पूल काठाच्या दीड हात अलीकडेच संपला. महाराज धपकन पाण्यात! बेडकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातलंच आहे.

"कोणाची चूक?" महाराज आयाळ पिळत गरजले.

"मी वाचलंच नाही, महाराज. मला कसं कळणार?" मुसंडीराव म्हणाले.

"मी शोभा पाहिली," पिसारेसाहेब म्हणाले. "शोभेत खोट असेल तर दाखवा."

मग नकाशा वाचला गेला. पहिल्यांदाच!

"म्हणजे हिला माहीत होतं!" महाराज ओरडले. "माहीत असून विणला?"

सभा हळहळली. केवढी ही लबाडी! निकाल लागला: सुगरणीची बाभूळ पाडावी आणि त्या लाकडाने पूल पुरा करावा.

"महाराज, पाया पडते! पिल्लांना पंख फुटेपर्यंत तरी थांबा हो!"

पिसारेसाहेब समजुतीने म्हणाले, "ही विनंती नकाशासोबतच जोडायची होती, बाई."

त्याच संध्याकाळी बाभूळ पडली.

तात्पर्य: बाळांनो, शंका आली की डोळे मिटून घ्यावेत. ज्याने वाचलं नाही त्याला माफी असते. ज्याला कळलं त्याचं झाड पाडतात.