मधुभाऊंची नापाची गिटार

मी आयुष्यात फार खोटं बोललो नाही. शिंपीकाम करणारा माणूस बोलतो तेवढंच, म्हणजे 'उद्या या, काज-बटण तेवढं राहिलंय' इतपत. पण एक खोटं असं आहे, की ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ते एका गिटारीच्या मानेबद्दल होतं, आणि त्यापायी गिरडमधल्या एका आजारी बाईला सात महिने वाट पाहावी लागली. ही बाई मधुभाऊंची थोरली बहीण. गिटार तिच्यासाठी होती हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी ते खोटं बोललो नसतो, असं म्हणायची मात्र माझी छाती होत नाही.

मधुभाऊ कोण, हे कळायला नव्वदच्या दशकाअखेरच्या वर्धा बसस्टँडवर जावं लागेल. दर सोमवारी, दुकान बंद असायचं त्या दिवशी, हिंगणघाटच्या गाडीपाशी एक पन्नाशीचे गृहस्थ उभे असायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल आणि काखेत पुठ्ठ्याची गिटार. शर्टांची खोकी कापून, चिकटपट्टीनं जोडून ती त्यांनी स्वतः केली होती. गाडीत चढले की ती आधी वरच्या फळीवर घालून पाहायची, मग सीटखाली, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये. कुठं अडलीच तर खिशातून कात्री काढून तिथंच दोन बोटं पुठ्ठा कापायचा. हिंगणघाटला गाडी बदलायची आणि पुढच्या गाडीत सगळं पुन्हा. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काका, ह्याचं लगेज फाडू का?"

"वाजली तं फाडजा," मधुभाऊ म्हणाले.

त्यांचं रेडीमेड कपड्यांचं दुकान आणि माझं टेलरिंगचं, दोघांमध्ये एकच भिंत होती. ते मला 'मास्तर' म्हणायचे. दुकानावर त्यांनी पाटी लावली नव्हती, कारण पाटीचं काम त्यांचं तोंडच करायचं. गिऱ्हाईक उंबऱ्यात दिसलं की आतून आवाज यायचा, "या, घाला अन् निंगा." त्यांच्या लेखी जगातल्या सगळ्या शहाणपणाचं सार या तीन शब्दांत होतं. नाप द्या, आठ दिवस थांबा, मग मास्तर म्हणणार उद्या या, एवढा खटाटोप कोणी सांगितलाय? माझी जुनी गिऱ्हाइकं एकेक करून भिंतीपलीकडे गेली. वाईट म्हणजे ती परतही यायची. मधुभाऊंकडून घेतलेली पँट काखेत मारून यायची आणि म्हणायची, "मास्तर, दोन इंच पाय कमी करून द्या ना." मी ज्यांच्या बापांचे लग्नाचे कोट शिवले होते, त्यांच्या रेडीमेड पँटींचे पाय कापत बसायचो. मधुभाऊ स्वतः चहा घेऊन यायचे आणि वर म्हणायचे, "पाहा मास्तर, म्या तुमचा धंदा बंद पडू देल्ला नाई."

माणूस दुष्ट नव्हता. हे ते खरंच उपकार म्हणून सांगायचे.

तरुणपणी ते गावच्या आर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. दुकानात दुपारी सामसूम झाली की भिंतीतून मला जुनी सिनेमातली गाणी ऐकू यायची. ती मोठी गिटार त्यांनी एकदा एसटीतून नेली होती. समुद्रपूरच्या आसपास वरून तुरीचं पोतं तिच्यावर आलं. पोत्याला काही झालं नाही. गिटारीला त्यांनी सरस लावला आणि कमरेला दुकानातलंच इलॅस्टिक बांधलं. पण तेव्हापासून तिला प्रवासात न्यायची सोय उरली नाही, आणि मधुभाऊंच्या डोक्यात फिरतीच्या लहान गिटारीनं घर केलं.

"फिरती कोणती तुमची? दर सोमवारी गिरडला तर जाता," मी म्हणायचो.

"गिरड का कमी हाय का, मास्तर?" एवढंच उत्तर.

आता प्रश्न असा, की तयार घ्यायची की करवून घ्यायची? नागपूरला तयार मिळते असं त्यांनी ऐकलं होतं. जन्मभर 'घाला अन् निंगा' म्हणणाऱ्या माणसाला यात विचार करण्यासारखं काय होतं? पण मधुभाऊ गिटारीच्या बाबतीत वेगळेच माणूस होते. तयार म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी नापाची. एसटीची फळी, आपले गुडघे, आपली बोटं तिला काय माहीत? उलट, करवून घ्यायची तर कधी होणार आणि कशी होणार याचा भरवसा नाही. वर्षभर ते येईल त्या गिऱ्हाइकाचं मत घेत होते. पोराच्या लग्नाचा सफारी घ्यायला आलेला एक शेतकरी म्हणाला, "भाऊ, गाडीचं जू कोनी रेडीमेड घेते का? बैलाची मान पाहूनच करा लागते." मधुभाऊ पंधरा दिवस करवून घेण्याच्या बाजूला. मग शाळेतल्या एक मास्तरीण बाई म्हणाल्या, मी स्वेटर विणायला घेतला तेव्हा मुलगा पाचवीत होता, आता दहावीत आहे. मधुभाऊ पुन्हा तयारच्या बाजूला.

शेवटी एका उन्हाळ्यात ते म्हणाले, "मास्तर, चला नागपूरले. तुमची नजर पाह्यजे."

माझ्या नजरेवर त्यांचा फार विश्वास होता. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत मी त्याचा कोणता खांदा उतरता आहे ते सांगू शकतो. गिटारीची मान सरळ पाहिजे, नाहीतर तारा चुकीच्या बोलतात, आणि दुकानदार ते सांगत नाही, असं मधुभाऊंचं म्हणणं होतं.

दुकानात ती होती. पिवळसर अंगाची, लहान, एखाद्या दुसरीतल्या पोरीएवढी. मधुभाऊंनी खिशातून सुतळी काढून लांबी पाहिली. फळीवर मावत होती, गुडघ्यातही मावत होती. मग त्यांनी ती वाजवली. मी त्यांना बारा वर्षं ओळखत होतो, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता. ते वाजवता वाजवता हसले आणि म्हणाले, "पाहा मास्तर. घाला अन् निंगा." आणि गिटार माझ्या हातात दिली. "मान पाहा."

मी एक डोळा मिटून पाहिलं. मान सरळ होती. वजन बांधून सोडलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

"डावीकडे कलली आहे," मी म्हणालो. "सूतभर. पण आहे."

दुकानदार तावातावानं बोलायला लागला. मधुभाऊंनी त्याला हातानं थांबवलं. "मास्तर म्हनते तं असन." त्यांनी गिटार अशी जपून परत ठेवली, की जणू तिलाच लागलं होतं.

मी असं का केलं? परतीच्या गाडीत मी स्वतःला सांगत होतो, की करवून घेतलेली जास्त चांगली होईल. खरं कारण एवढंच, की मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं: नापाचं ते नापाचं. मला त्या माणसाला आठ दिवस थांबायला लावायचं होतं.

आठ दिवसांचे सात महिने झाले.

पिपरी मेघेला नामदेवबुवा नावाचे म्हातारे सुतार होते. त्यांची हयात पेटीचरख्यांच्या पेट्या करण्यात गेली होती. मिटला की ब्रीफकेस, उघडला की चरखा. मधुभाऊंनी मोठी गिटार त्यांच्यापुढं ठेवली. बुवांनी तिचं इलॅस्टिक सोडलं, आत डोकावले आणि म्हणाले, "हे म्या कदी केलं नाई. पन पेटीत चरखा मावते तं हे काऊन नाई मावनार? नाप आना."

नाप अर्थातच मी घेतलं. गळ्यातली टेप काढून, पुठ्ठ्याच्या गिटारीवरून, छाती, कंबर, मान, सगळं वहीत लिहिलं. आणि चाळीस वर्षांच्या हातानं सवयीनं प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण इंच मार्जिन धरलं. कापडात ते ठेवावंच लागतं. पुढं अंग भरलं तर उसवून मोठं करता येतं. इकडे बुवांनी त्यांच्या सवयीनं रंध्यात जाईल म्हणून बोटभर धरलं, आणि लाकूड आटतं म्हणून आणखी बोटभर. पोळा होऊन गेल्यावर गिटार आली तेव्हा ती फळीवर नाही, सीटखाली नाही, गुडघ्यात तर नाहीच नाही. मधुभाऊंनी तिला एकदा एसटीत शेजारी बसवून पाहिलं. या वेळी कंडक्टरनं तिकीट फाडलं. अर्धं नाही, पुरं.

"मास्तर, तुमी मार्जिन ठेवलं का?"

"ठेवलं."

"बुवा, तुमी?"

"ठेवाच लागते."

मधुभाऊ आमच्या दोघांकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे गिटार मोठी झाल्यावर तिच्या अंगाले येईन." आणि आधी तेच हसले. चिडायला हवं होतं त्यांनी. मला बरं वाटलं असतं.

दुसरी करायला घेतली. दसऱ्यानंतर मधुभाऊंचं दुकान चार दिवस बंद होतं. उघडल्यावर म्हणाले, "माल पाहाले गेलतो." हातात माल काही दिसला नाही. बुवांकडं मात्र त्यांच्या चकरा वाढल्या.

दिवाळी झाल्यावर ती आली. मानेला पितळी बिजागरी, मान दुमडली की सगळं सागवानी पेटीत बंद. बाहेरून हुबेहूब पेटीचरखा. त्या सोमवारी मधुभाऊ म्हणाले, "चला मास्तर. तुमच्या नापाचं काम हाय, पाह्याले नको?"

गाडीत एका खादीधारी म्हाताऱ्यानं पेटी पाहून उठून त्यांना जागा दिली. "आजकाल कोण कातते? दिवसाची सुताची किती गुंडी होते तुमची?" मधुभाऊंना त्याचं मन मोडवेना. "एक होते," ते म्हणाले, आणि हिंगणघाटपर्यंत चोरासारखे खिडकीबाहेर पाहत बसले.

गिरडला ते मला बहिणीच्या घरी घेऊन गेले. अंगणातून दर्ग्याची टेकडी समोर दिसते. ओसरीत खाटेवर सुशीलाबाई पडून होत्या. मधुभाऊ त्यांना नुसतं बाई म्हणायचे. दोन वर्षांपासून त्यांना उठता येत नव्हतं, आणि त्या गिरड सोडायला तयार नव्हत्या. आई गेल्यावर याच बहिणीनं मधुभाऊंना वाढवलं होतं. सुशीलाबाईंच्या सुनेनं चहा देता देता मला सांगितलं, "दसऱ्यानंतर पुन्हा लकव्याचा झटका आला. तवापासून बोलनं गेलं."

मधुभाऊंनी पेटी उघडली, मान सरळ केली, खिळी लावली आणि पाऊण तास तारा लावत बसले. मग सवयीनं म्हणाले, "हं बाई, सांग, काय वाजवू?" आणि लागलेली तार पुन्हा लावायला घेतली.

मग त्यांनी एक गाणं धरलं. दोन ओळी झाल्या तोच सुशीलाबाईंचा डावा हात हलला, अंगणातली कोंबडी हाकलावी तसा. मधुभाऊंनी दुसरं धरलं. तेही हाकललं. तिसरं, चौथं.

"हे बी नाई? मले का सारा आर्केस्ट्रा येते, बाई?"

सहाव्या गाण्याला हात खाटेवर शांत पडून राहिला. मधुभाऊंनी ते पुरं वाजवलं. बिजागरीमुळं एक तार मध्येच उतरली, तरी वाजवलं. सुशीलाबाईंचे डोळे मिटलेले होते आणि तोंडाची एक बाजू हसत होती.

परतीच्या गाडीत मधुभाऊ खुशीत होते. पेटी गुडघ्यात नीट मावली होती. म्हणाले, "आमच्या घरात कान बाईचा, मास्तर. ते नागपूरची कलती मान तिनं पयल्याच गान्याले पकडली असती. बरं झालं तुमी संग होते."

मी तिकिटाची घडी घालत बसलो.

"उन्हाळाभर सांगून राह्यली होती," थोड्या वेळानं ते म्हणाले. "गिटार आली का ते टांग्याचं वाजवजो, ते नावेतलं वाजवजो, ते झुल्याचं. दर सोमवारी नवीन. म्या म्हटलं, सांगजो ना त्या दिवशी, घाई काय हाय. लिहून नाई घेतलं."

त्यानंतर सुशीलाबाई चार वर्षं होत्या. मधुभाऊंनी एक सोमवार चुकवला नाही. नवी गाणी बसवली, हाकलून घेतली, पुढचं धरलं. कोणत्या हवेत बाईला काय लागतं याचा त्यांना पुढं पुढं अंदाज यायला लागला होता, आणि तो बरोबर निघाला की मंगळवारी माझ्या दुकानात येऊन मला चहा पाजायचे. माझ्या माहितीत इतका सुखी माणूस दुसरा नव्हता. 'नापाचं ते नापाचं' हेही ते म्हणाले, एकदा नाही, दहादा. मला ते गोड लागलं नाही.

आता मधुभाऊंचं दुकान मुलगा बघतो. माझ्या डोळ्यांना सुईचं नाक दिसत नाही. दुपारी आम्ही दोघं माझ्याच बाकावर बसतो.

सुशीलाबाईंच्या सात महिन्यांच्या फर्माईशी माझ्याकडं देणं आहेत, आणि त्या आता फिटणार नाहीत. मधुभाऊंचं एक खरं वाक्य देणं आहे. ते अजून देता येईल, आणि मी ते अजून दिलेलं नाही.