अंघोळीच्या विरोधात किसनकाका

हट्टा गावात अंघोळीच्या विरोधात भाषण ठोकणारा माणूस एकच, आमचे शेजारी किसनकाका. मी ओल्या केसांनी न्हाणीतून बाहेर आले की हे ओट्यावर हजर.

"काहून डोस्कं भिजवून राहिली, पोरी? पूर्वी तिकडचे फिरंगी डॉक्टर सांगायचे, पाण्यानं कातडीची भोकं उघडतात अन् रोग शिरतो. त्यांचे राजे नुसता सदरा बदलायचे."

"म्हणून तुमी दोन्ही न्हाई करत व्हय?"

काकांना राग यायचा नाही. मोबाइलवर वाचून वाचून त्यांनी असला खजिनाच जमवला होता. रोमचे लोक मुतानं कपडे धुवायचे, हे त्यांनी एका लग्नात ऐन पंगतीत सांगितलं. शेजारच्या पाव्हण्यानं कढीची वाटी बाजूला सारली. "बराबर आहे ते," काका म्हणाले, "तुमाला तकलीफ होऊन राहिली म्हणून इतिहास बदलत न्हाई."

गावानं त्यांना वेड्यात काढलं. मला हसू यायचं, पण हे सगळं कोणासाठी चाललंय ते मला ठाऊक होतं. त्यांच्या बायकोचं, सुभद्राकाकूंचं, भान हळूहळू हरपत गेलं होतं. त्या माणसं विसरल्या, चूल विसरल्या आणि पाण्याला भिऊ लागल्या. अंगावर तांब्या आला की लेकरासारख्या किंचाळायच्या. सुनेनं एकदा जबरदस्तीनं न्हाऊ घातलं, तर दिवसभर कोपऱ्यात थरथरत बसल्या. त्या दिवसापासून काकांनीही अंघोळ सोडली. घरी आलेल्या बायकांनी नाकाला पदर लावला की म्हणायचे, "माझा वास येऊन राहिला." बायकोची अब्रू झाकायची, दुसरं काय.

गेल्या पौषात काकू गेल्या. शेवटच्या अंघोळीचं पाणी अंगणात तापलं. काकूंच्या थोरल्या जाऊबाईंनी घागर उचलली, तसे काका आडवे आले.

"नका टाकू. भिते ती."

"आता काय भ्यायचं राहिलं, भावजी? रीत हाय ती."

काका हलेनात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी मीच जाऊबाईंच्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली.

काका गुडघे टेकून बसले. पंचा कोमट पाण्यात बुडवून घट्ट पिळला, आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला, मग काकूंचं कपाळ पुसलं, हात पुसले. पाय पुसताना हळूच म्हणत होते, "झालं, झालं. न्हाई टाकत कोणी पाणी."