सगुणाक्कांच्या मोबाइलाचा पंचनामा

गणरायास नमन, जाणत्यांस दंडवत. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, राज्यात मोबाइलवरचे चोर फार माजले. मग दरबाराने कायदा केला की, जो परक्याचा चेहरा अथवा आवाज चोरील त्यास तीन वर्षे तुरुंग, आणि ठाणोठाणी हुकूम रवाना जाहले.

त्याच साली सगुणाक्का भांगरे, चाळीस वर्षे सुईणपण केलेल्या, यांणी मोबाइलवर आपणांसच पाहिले. चेहरा आपला, आवाज आपला, आणि तान्ह्या लेकरांस कसलीशी घुटी विकत घेऊन पाजा, असे सांगणे चालले. आक्कांच्या हातची लेकरे गावोगाव आणि आयांचा भरवसा त्यांजवर. मग तडक ठाण्यात गेल्या. हवालदार कोंडाजी खुटवड यांणी उठोन खुर्ची दिली आणि बोलिले, "आक्का, कायदा कडक आहे." "मग धरा चोरास." "आधी गुन्ह्याच्या जागेचा पंचनामा." जागा म्हणजे मोबाइल. मग दोन पंच बोलावून तो मेजावर ठेविला आणि रिवाजाप्रमाणे चतुःसीमा लिहिली: पूर्वेस आवाजाचे बटण, पश्चिमेस काही नाही, उत्तरेस कॅमेरा, दक्षिणेस चार्जिंगचे भोक. आणि मुद्देमाल म्हणोन मोबाइल फडक्यात बांधून वर लाखेची मोहर केली. "अरे कोंडाजी, आयांचे नंबर त्यातच आहेत. आता मी कोणास कशी सावध करू?" "निकाल लागला की परत मिळेल, आक्का." चोर मोकळा राहिला, मोबाइल कैदेत पडला.

मग आक्का लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यापुढे उभ्या राहिल्या आणि सांगो लागल्या की, ते बोलणे माझे नव्हे, घुटी पाजू नका. रंजना पोटे म्हणोन ओली बाळंतीण होती, ती हसोन बोलिली, "तिथेही तुम्हीच, इथेही तुम्हीच. ऐकू कोणाचे? तिथल्या आक्का गोड तरी बोलतात." "गोड? अगं सटवे, सहा महिने अंगावरच्या दुधावाचून थेंब द्यायचा नाही, हे तुला बाळंतपणातच बजावले की नाही? आण इकडे ती घुटीची बाटली." रंजना मागल्या बायांस बोलिली, "हीच आपली." मग सहा पिशव्यांतून बाटल्या निघाल्या आणि मोरीत रित्या जाहल्या.

पुढे ठाण्यास उत्तर आले की, चोर परराज्यात आहे, तेथे आपला हुकूम चालत नाही. आणि सालअखेर दरबारी अहवाल गेला की, या हद्दीत घुटीने एकही लेकरू दगावले नाही, सबब कायदा उत्तम चालतो.

लेकरू दगावले नाही हे खरे, म्हणोन अहवाल खोटा म्हणवत नाही. येणेप्रमाणे हकीकत, उणे ते जाणत्यांनी सावरावे.