बदामी सदऱ्यातले गृहस्थ

सकाळी उठल्या उठल्या निवेदकाने मिठाच्या पाण्याने गुळण्या सुरू केल्या, आणि दुसऱ्या गुळणीला त्याच्या लक्षात आलं की आज आपल्याला कुठेच बोलायचं नाही. तोंडातलं पाणी त्याने बेसिनमध्ये इतक्या जोरात थुंकलं, की आरशावर शिंतोडे उडाले.

गेली बावीस वर्षं जत्रेचा माइक त्याच्या हातात होता. गावात देऊळ होतं, दर्गा होता, चर्च होतं, आणि सगळ्यांचे मिळून वर्षाला सात उत्सव होते. देव कुणाचाही असो, भोंग्यातला आवाज मात्र ह्याचाच. ह्या वर्षी समितीच्या डोक्यात काय किडा वळवळला कोण जाणे, त्यांनी जत्रेचा माइक ह्याच्या धाकट्या साडूला दिला. साडूचं चष्म्याचं दुकान होतं आणि 'आता खालची ओळ वाचा' ह्यापेक्षा मोठ्याने तो आयुष्यात काही बोलला नव्हता. "जत्रेत कसं जमतंय बघू, मग बाकीच्या सहा उत्सवांचं त्याच दिवशी ठरवून टाकू," असं चिटणीस म्हणाले होते. निवेदकाचा सगळा जीव त्या 'बघू'मध्ये अडकला होता.

स्वयंपाकघरात बायको थर्मासमध्ये आल्याचा चहा भरत होती.

"हा कुणाला?"

"कुणाला म्हणजे? त्यांना. दिवसभर बोलायचंय बिचाऱ्यांना."

"बावीस वर्षं ह्या थर्मासमधून मी चहा प्यायलोय."

"मग आज त्यांना पिऊ दे. तुम्हाला कुठे घसा लागणार आहे आज?"

आपल्याला गर्दीचा कंटाळा आलाय, आपण जत्रेला येणार नाही, असं त्याने जाहीर केलं. बायको "बरं" म्हणाली आणि गेली. एकदाही आग्रह न करता गेली, ह्याचंही त्याला फार लागलं. दहा मिनिटांनी त्याने कडक इस्त्रीचा बदामी सदरा घातला आणि कोथिंबीर आणायला म्हणून बाहेर पडला. कोथिंबीर घराच्या उजव्या हाताला मिळायची. तो डावीकडे वळला.

मैदानावर पोचला तेव्हा साडूचा आवाज झुळझुळत होता. "पाळण्याजवळच्या मंडळींनी जरा सावकाश चालावं, हं. घाई कुणालाच नाहीये." आणि लोक खरोखरच सावकाश चालत होते. ह्याच जागी निवेदक बावीस वर्षं "ढकलू नका" म्हणून ओरडला होता आणि लोकांनी बावीस वर्षं ढकलाढकली केली होती. खेळण्यांच्या दुकानापाशी त्याची बायको बहिणीला म्हणत होती, "किती हळू बोलतात गं. आमच्याकडे मीठ मागायचं तरी अख्ख्या आळीला कळतं."

निवेदकाच्या अंगाचा तिळपापड झाला. बायको दुसऱ्याच्या आवाजाचं कौतुक करते, तेही साडूच्या, तेही ह्याच्याच मैदानावर. मग त्याला एक कल्पना सुचली. नवखा निवेदक चिठ्ठीवर असेल नसेल ते सगळं वाचतो, हे त्याला ठाऊक होतं. लांबलचक चिठ्ठी दिली की साडू अडखळणार, आणि नसलेला माणूस काही सापडणार नाही. साध्या एका म्हाताऱ्याचा पत्ता लागला नाही म्हटल्यावर साडूला हे काम जमत नाही, अशी चिटणिसांची खात्री पटेल.

तो सरबतवाल्याच्या फळीवर कागद ठेवून लिहायला बसला. खोटा माणूस उभा करायचा तर तपशील हवेत, आणि निवेदकाने जन्मात एकाच माणसाकडे नीट लक्ष दिलं होतं. त्याने लिहिलं : 'हरवले आहेत. वय बासष्ट, दिसतात पन्नाशीचे. कपाळ भव्य. अंगात बदामी सदरा. चाल रुबाबदार, स्वभाव मानी. जन्मभर सगळ्यांसाठी झिजले, आता घरात कुणी विचारत नाही. न जेवता निघून गेले आहेत.' शेवटची दोन वाक्यं त्याने स्वतःलाच दोनदा वाचून दाखवली. चिठ्ठी त्याने निवेदन कक्षाच्या खिडकीतल्या पेटीत टाकली आणि गर्दीत मिसळला.

साडू अडखळला नाही. 'घरात कुणी विचारत नाही' पाशी तो फक्त थांबला, आणि असा थांबला की पाळणेवाल्याने पाळणा बंद केला. मग तो चिठ्ठीत नसलेलं, मनाचं बोलला, "बाबा, असाल तिथे थांबा. आम्ही येतो शोधायला." बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. "कसली माणसं असतात एकेक," असं सगळ्यांत मोठ्याने निवेदकाची बायकोच म्हणाली आणि शोधायला निघाली.

अर्ध्या तासात तीन म्हातारे कक्षात हजर झाले. पहिला फुगेवाला होता, त्याला फुग्यांसकट उचलून आणलं होतं. दुसरा समितीचाच खजिनदार निघाला. चर्चची घंटा वाजवणारे गृहस्थ मात्र आपणहून आले. "वर्णन जुळत नाही," ते म्हणाले, "पण घरी मलाही कुणी विचारत नाही." हे ऐकून बाहेर आणखी सात-आठ जण रांगेला लागले. निवेदकाच्या बायकोने सगळ्यांना थर्मासमधला चहा घोट-घोट वाटला. साडूला थेंबही उरला नाही, एवढंच काय ते निवेदकाच्या मनासारखं झालं.

तो हे लांबून, टाचा उंचावून बघत होता. तेवढ्यात दोन स्वयंसेवकांनी त्याला दोन्ही दंडांना धरलं. पोरं बाहेरगावच्या कॉलेजातली, त्यांनी ह्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

"चला बाबा. बदामी सदरा, भव्य कपाळ."

"अरे, मी हरवलेलो नाही."

"सगळे असंच म्हणतात. सूचनेत लिहिलंय, मोठी माणसं हरवल्याचं कबूल करत नाहीत, त्यांना सोडायचं नाही."

ती सूचना आठ वर्षांपूर्वी निवेदकानेच लिहून दिली होती. त्यामुळे त्याला वादही घालता येईना.

कक्षात साडूने त्याच्याकडे बघितलं आणि माइकवर हात ठेवला. "बसा, दादा."

"कुणी चिठ्ठी टाकली काय माहीत," निवेदक म्हणाला.

"अक्षर पहिल्याच ओळीला ओळखलं मी."

"मग वाचलीत कशाला?"

"मनापासून लिहिली होती. गाळावं असं काही दिसेना."

एवढ्यात रिकामा थर्मास घेऊन बायको आत आली. तिने नवऱ्याला बघितलं, टेबलावरची चिठ्ठी बघितली आणि ती सावकाश खुर्चीवर बसली. "न जेवता म्हणे," ती म्हणाली. "सकाळी दोनदा नाश्ता झालाय."

"पण विचारलंस का? एकदा तरी म्हणालीस, चला म्हणून?"

तिने रिकाम्या थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं. 'चला' असं ती एकदाही म्हणाली नव्हती.

बाहेर गर्दी कक्षाला भिडली होती. "सापडले का हो बाबा?" अशी चौकशी चालली होती. पाठोपाठ चिटणीस घाम पुसत आत शिरले. "कमाल केलीत," ते साडूला म्हणाले. "सगळी जत्रा एका म्हाताऱ्यासाठी थांबलीय, धंदे बंद पडलेत. सापडला असेल तर सांगून टाका लवकर." मग त्यांचं लक्ष निवेदकाकडे गेलं. "अरे, तुम्ही इथे? बरं झालं. तुम्हीच सांगा की, जुना आवाज आहे. तो ऐकला की लोकांना पटेल. तुम्हालाच परत घ्यायचं का, ह्याचाही विचार करता येईल."

साडूने माइक त्याच्या पुढे केला.

निवेदकाने माइक हातात घेतला. बावीस वर्षांचं त्याचं वजन हाताला बरोबर कळलं. श्वास भरून घेतला, आणि त्याच्या ध्यानात आलं, की आपण तोंड उघडलं की सगळं मैदान आवाज ओळखणार. 'सापडले' म्हटलं की कोण सापडले, हे खिडकीशी येऊन बघणार. आणि खिडकीत भव्य कपाळाचा, बदामी सदऱ्याचा एकच माणूस दिसणार, ज्याला घरात कुणी विचारत नाही.

"घसा बसलाय माझा," तो कुजबुजला आणि त्याने माइक परत दिला. चिटणिसांनी मान डोलावली. सहा उत्सवांचं साडूच्या नावावर ठरून गेलं.

साडूने माइक तोंडाशी नेला. "मंडळी, आपले बाबा सापडले आहेत. घरची माणसं न्यायला आली आहेत, आणि त्यांची चूक त्यांच्या लक्षात आली आहे." बायकोने मान खाली घातली. बाहेर एकदम टाळ्या पडल्या. देवळाच्या बाजूने पडल्या, दर्ग्याच्या बाजूने पडल्या, पाळण्यात वर अडकलेल्यांनीही वाजवल्या. बावीस वर्षं बोलून निवेदकाला एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या.

त्याने सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि साडूकडे न बघताच म्हणाला,

"मागच्या गेटला ऐकू गेलं नसेल. परत एकदा सांगा. कपाळाचंही घ्या त्यात."