सेहेचाळीस लेकरं, एक ठिपका

"ताई, दर लेकराच्या दोन गोलांभोवती येगळी चौकट ओढजा. नाही तं हे मशीन सगळे गोल एकाच घरचे समजते," असं कॉम्प्युटर क्लासच्या पवनने हजेरीचा तक्ता बनवणाऱ्या सुकेशनीला बजावलं होतं. सुकेशनी बी.कॉम. होती, रिठदच्या बालपोषण उपकक्षात कंत्राटी ऑपरेटर होती आणि दीड वर्षाच्या त्रिशाची आई होती. तिन्ही पदांचं काम एकाच वेळी चालू असल्याने तिला घाई होती. "सेहेचाळीस चौकटी ओढत बसू काय? तोवर माही पोरगी कॉलेजात जाईन," म्हणाली आणि तक्ता साहेबांकडे पाठवून मोकळी झाली.

तक्ता देखणा होता. त्रिशासकट अंगणवाडीतल्या सेहेचाळीस लेकरांची नावं, प्रत्येकापुढे 'हजर' आणि 'गैरहजर' असे दोन गोल, खाली 'पाठवा' हे हिरवं बटन. बटन दाबलं की मॅक्रो, म्हणजे तक्त्यातला आपोआप चालणारा प्रोग्राम, हजर लेकरं मोजायचा, आकडा जिल्ह्याला पाठवायचा, आणि तितकीच पोषण पाकिटं दुसऱ्या दिवशी उपकक्षात यायची. चौकटी नसल्याने मात्र ब्याण्णव गोलांत मिळून निवडीचा ठिपका एकच राही. एक लेकरू हजर केलं की आधीचं आपोआप पुसलं जाई.

पहिल्याच खेपेला एक पाकीट आलं.

अंगणवाडी सेविका बेबीताई तरातरा उपकक्षात आल्या. "माह्यापुढं सेहेचाळीस तोंडं आ करून राह्यले, अन् तुमचं मशीन म्हनते एकच लेकरू हाय?"

उपकक्षप्रमुख राठोड साहेबांनी चष्मा पुसला. "बेबीताई, तुमी तोंडं मोजता. आमी नोंदी मोजतो."

"साहेब, चूक माही आहे," सुकेशनी म्हणाली. "तक्त्याला तुमी लावलेला पासवर्ड द्या, अर्ध्या तासात चौकटी ओढून देते."

"आता कायची चौकट? एका दिवसात पंचेचाळीस कुपोषित लेकरं कमी केले म्हणून अभिनंदनाचं पत्र आलं. तू आज चौकटी ओढशीन, तं उद्या गावात एकदम पंचेचाळीस लेकरं जन्मतीन. प्रसूतीचं रजिस्टर कोन भरन, तू?"

तरीही तक्रार झाली म्हणून त्रिसदस्यीय समिती नेमण्यात आली. समितीने संगणक पाहिला, चहा घेतला आणि निष्कर्ष नोंदवला: यंत्रणेत दोष आढळला नाही, लेकरं जास्त आढळली. उपाय म्हणून 'आळीपाळीने अस्तित्व' योजना लागू झाली. रोज एक लेकरू हजर. उरलेल्या पंचेचाळीस आयांनी 'माझे मूल आज नाही' असं लिहून द्यायचं, न देणारीची पाळी रद्द. आठवड्याने तपासणी पथक आलं, तेव्हा अंगणवाडीत सेहेचाळीस लेकरं भात खाताना सापडली. नसलेल्या लेकरांची गर्दी जमवल्याबद्दल बेबीताईंना नोटीस निघाली आणि भातही बंद झाला.

सुकेशनीच्या शेजारची उजमा कागदावर सही करता करता म्हणाली, "लिहून देते बाई, जुनैद आज नाही. पन मंग सकाळपासून माह्या कडेवर कोन रडून राह्यलं, ते बी लिहू का?"

"त्याले रकाना नाही," सुकेशनी खाली मान घालून म्हणाली.

उजमा हसली. सुकेशनी कामावर गेली की त्रिशाला तीच सांभाळायची, जुनैदच्याच ताटात भरवायची. जुनैद दोन वर्षांचा, वजन आठ किलो, पाळी एकेचाळिसावी. "सोळा तारीख ना गं? लक्ष ठेवजो."

लक्ष सुकेशनीचं फार. दिवसभर ठिपका कुणावरही असो, पाच वाजता बटन दाबताना तो ज्याच्यावर असेल तेच लेकरू खरं, हे तिच्या ध्यानात कधीच आलं होतं. बटन दाबायला खोलीत ती एकटीच असे, आणि पाकीट न मिळालेल्या आईला 'तांत्रिक अडचण' सांगायची सोय होती. पहिल्यांदा ठिपका त्रिशावर नेला तेव्हा तिला सर्दी होती. दुसऱ्यांदा दात येत होते. पुढे कारणं शोधायला वेळ मिळेनासा झाला. महिन्याभरात त्रिशाचं वजन सव्वा किलोने वाढलं, आणि राठोड साहेबांनी नसलेल्या लेकरांच्या आयांसमोर आदर्श माता म्हणून सुकेशनीचा सत्कार केला. सर्वांत जोरात टाळ्या उजमाने वाजवल्या.

सोळा तारखेला, पाचला पाच मिनिटं कमी असताना, ठिपका जुनैदवर होता. त्रिशाला काहीही झालेलं नव्हतं. सुकेशनीने त्रिशाच्या गोलावर टिचकी मारली आणि हिरवं बटन दाबलं. पडद्यावर निरोप आला: नोंद यशस्वी.

दुसऱ्या दिवशी ती त्रिशाला सोडायला गेली, तेव्हा अकरा वाजत आले होते आणि जुनैद अजून झोपलेलाच होता. "रात्रीपासून असाच सुस्त पडेल हाय," उजमा म्हणाली. "पाकिटाचं काय झालं गं?"

"तांत्रिक अडचण," म्हणून सुकेशनी त्रिशाला तशीच कडेवर घेऊन दारातूनच वळली.

आता त्या घरात पाऊल टाकायचा तिला धीर होत नाही. म्हणून तिची तुम्हाला विनंती आहे. रिठदला एसटीतून उतरा, मशिदीमागच्या गल्लीत निळ्या दाराचं घर आहे. जुनैदला जरा हात लावून बघा. उठतो का, काही खाल्लं का. यादी तपासून परतू नका, यादीत तो नाही. आणि 'आम्हाला कुठं वेळ, आमचं लेकरू घरी जेवायला थांबलंय' असं म्हणणार असाल, तर आनंदच आहे. आज ठिपका तुमच्या घरावर दिसतो. तो कुणाच्या घरावरून उठून आला, तेवढं मात्र विचारून घ्या.