शिवेवरचा पितळी डबा

आश्रुबाच्या सत्यभामेची सोयरीक झुरळांनी दोनदा मोडली. पहिल्या खेपेला नवरदेवाच्या मामाच्या गूळपाण्यात झुरळ निघालं. दुसऱ्या खेपेला पाहुण्यानं खुंटीवरचं पागोटं डोक्यावर चढवलं आणि आतल्या झुरळानं त्याला वेशीपर्यंत नाचवत नेलं. आता नेकनूरचे सुंदरराव पाटील उद्या येणार होते. त्यांचा पोरगा निजामाच्या तहसिलीत उर्दूत लिहिणारा कारकून. असलं स्थळ पुन्हा कुठलं मिळायला?

आश्रुबानं लिंबाच्या पाल्याचा धूर केला, मिरच्यांचा केला. माणसं बाहेर पळाली, झुरळं आतच राहिली.

शेवटी शेजारच्या बायनाबाईनं उपाय सांगितला. "सात झुरळं धरायची. संगं हळदकुंकू, सुपारी. वरून खण बांधायचा अन् शिवंच्या वाटंवर ठिवायचं. ज्यो उचलंल त्याच्या घरी समदी जातेत. पर माघारी वळून बघू नगंस. बघितलं की आली तुझ्याच मागं."

"गाडग्यात घालतो," आश्रुबा म्हणाला.

"गाडगं कोण उचलंल?" बायको छबुबाई म्हणाली. "पितळी डबा घ्या. तुमच्या पानाचा."

पानाचा डबा गेला म्हणजे आश्रुबाचा अर्धा जीव गेला. पण लेकीपुढं डब्याचं काय? त्यानं डबा शिवेवर ठेवला आणि ताठ मानेनं माघारी निघाला. मागं घुंगरं वाजली, छकडा थांबल्याचाही आवाज आला. मानेला कळ लागली, पण गड्यानं वळून बघितलं न्हाई.

घरी येऊन पायावर पाणी घेतोय तोवर छकडा दारात. सुंदरराव एक दिवस आधीच आले होते, आणि डबा त्यांच्या काखेत होता.

"आश्रुबा, शकुन लई चांगला हाय. तुमच्या शिवंवर लक्ष्मी भेटली." त्यांनी डबा कानाशी हलवला. आत सुपारी खडखडली. "दागिना दिसतोय. पोरीला बोलवा, तिच्या ओटीतच उघडू."

सत्यभामा पाटावर येऊन बसली. डबा बघून तिनं बापाकडं बघितलं. बाप आढ्याकडं बघत होता. सुंदररावांनी खणाच्या गाठीला हात घातला.

"उघडू नका, पाटील," आश्रुबा म्हणाला.

"कावून?"

आता काय सांगावं? आश्रुबाच्या तोंडाला येईल ते तो बोलला. "वाटंवरची लक्ष्मी हाय. लग्नाआधी उघडली तर निघून जाती. आमच्या आज्यानं उघडली व्हती. बघा घराची दशा."

सुंदररावांनी धुरानं काळ्या पडलेल्या भिंती बघितल्या. त्यांना पटलं.

"मग तुमच्याकडं नगंच. आमच्या देव्हाऱ्यात ठिवतो. सून माप ओलांडून आली की तिच्याच हातानं उघडू. सोयरीक पक्की समजा."

साखर वाटली. डबा छकड्यात बसून नेकनूरला गेला.

आणि काय सांगावं, आठ दिवसांत घरात औषधाला झुरळ उरलं न्हाई. छबुबाई खुशीत भुई सारवत होती. आश्रुबा मात्र उंबऱ्यावर बसून होता.

"झुरळं गेली, लेकीचं जमलं," ती म्हणाली. "मग कावून तोंड पाडून बसलाव?"

"गेली, पर कुटं गेली? तिथंच लेकीला नांदायचंय न्हवं का?"

छबुबाईचा हात थांबला. मग ती पुन्हा सारवायला लागली.

"असू द्या," ती म्हणाली. "तिला सवय हाय."